एचआयव्हीचा साथरोगतज्ज्ञ आणि नावापुढचा आकडा

बडोद्यात मेडिकल कॉलेजच्या आसपास कुणी संशोधनात आहे असं कळलं, की पूर्वी लोक विचारायचे, ‘कशावर?’ आता पहिला प्रश्न असतो, ‘एच-इंडेक्स किती?’ म्हणजे संशोधकाचे निबंध इतरांनी किती उद्धृत केले, यावरून काढलेला आकडा. गुगल स्कॉलर या संशोधन-निबंध शोधायच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की तो समोर येतो. पण हा आकडा आला कुठून, आणि एचआयव्हीच्या साथीचा माग काढणाऱ्या माणसाबद्दल तो काय सांगतो?

सायटेशन, म्हणजे आधीच्या कामाचा पुढच्या लेखनात दिलेला हवाला, मोजण्याची कल्पना मूळची वकिलांची. जुना निवाडा पुढच्या खटल्यांत टिकला की उलटला, हे दाखवणाऱ्या शेपर्डच्या याद्या अमेरिकेत १८७३ पासून निघत होत्या. त्याच धर्तीवर युजीन गारफिल्डने १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी, कुठल्या निबंधाचा हवाला पुढे कुणी दिला हे दाखवणारी सूची सुचवली. १९६४ मध्ये ती बाजारात आली. हेतू होता एखाद्या निबंधाचं पुढे काय झालं ते शोधण्याचा, आणि खोट्या किंवा शिळ्या माहितीचा लोक डोळे मिटून हवाला देतात त्याला आळा घालण्याचा. माणसांना क्रमांक देण्याचा उद्योग मागाहून आला. (याद्या नि वर्गीकरणाचं वेड आपल्याला नवं नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात आणला, आणि १९१२ पासून इथून ग्रंथालयशास्त्राचं त्रैमासिक निघू लागलं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठीत.)

एच-इंडेक्स २००५ मधला, जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाचा. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि मोजत खाली यायचं. चाळिसाव्या निबंधाला किमान चाळीस सायटेशन आहेत, पण एकेचाळिसाव्याला एकेचाळीस नाहीत, तर एच चाळीस. पहिल्या निबंधाला पन्नास असोत की पाच हजार, एच तेवढाच. लेखक दोन असोत की तीस, प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा.

आता एचआयव्हीकडे. लॉस एंजेलिसमधल्या पाच रुग्णांची नोंद ५ जून १९८१ ला छापली गेली आणि साथीचा कागदोपत्री इतिहास सुरू झाला. भारतात तो १९८६ मध्ये चेन्नईत सुरू झाला. मद्रास मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. सुनीती सोलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हा विषय दिला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. बडोदेकरांना असं घर वेगळं समजावून सांगायला नको. निर्मलांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्ताचे नमुने गोळा केले आणि सीरम घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं. शहरात एलायझा या रक्तातली लागण ओळखणाऱ्या चाचणीची सोय नव्हती, म्हणून रात्रीच्या गाडीने ते वेल्लोरला नेलं. तिथे लागण सिद्ध झाली. त्यानंतर देशात तपासण्यांची यंत्रणा उभी राहिली. या कामाचं माप सायटेशनमध्ये घ्यायला गेलं तर हाती फारसं काही लागणार नाही, असं मला वाटतं.

१९९२ मध्ये पुण्याला, भोसरीत, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजे ‘नारी’ सुरू झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा, ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातला निबंध मला त्या काळातला सर्वांत बोचरा वाटतो. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के जणींना लागण सापडली. नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेली बाईही सुरक्षित नाही, हे त्यातून आकड्यानिशी पुढे आलं. ‘चारित्र्य सांभाळा’ छापाच्या प्रचाराचा पायाच त्याने काढून घेतला.

सायटेशनची खरी रास मात्र मोठ्या चाचण्यांभोवती जमते. एचपीटीएन ०५२ या नावाची चाचणी घ्या: नऊ देश, १,७६३ जोडपी, प्रत्येक जोडप्यात एकालाच लागण. लागण असलेल्याला लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराकडे होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हा २०११ चा निष्कर्ष. पहिलं नाव मायरन कोहेन यांचं, पण लेखक तीसहून अधिक. त्यांत चेन्नईचे कुमारसामी, पुण्याच्या शीला गोडबोले आणि संजय मेहेंदळेही. यानंतर एचआयव्हीवर कुणी काहीही लिहिलं तरी हा निबंध उद्धृत करावाच लागला. हे यश खरंच. पण नऊ देशांची चाचणी उभी करायला पैसा आणि जाळं लागतं, ते जिल्हा रुग्णालयात बसून जमत नाही.

२००७ मधलं उदाहरण उलट्या बाजूचं. आधी भारतातल्या बाधितांचा अंदाज ५२ लाखांच्या घरात होता, मुख्यतः सरकारी दवाखान्यांतल्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या रुग्णांच्या तपासण्यांवर बेतलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि अंदाज २५ लाखांवर आला. इतका मोठा फरक पाडणाऱ्या, दारोदार रक्त घेत फिरलेल्या मंडळींचं गुगल स्कॉलरवर खातंही नसेल.

हिर्श यांनी स्वतःच २०२० मध्ये लिहिलं, की या मापाचे दुष्परिणामही गंभीर असू शकतात. तरी निवड समित्यांच्या अर्जांत त्याची चौकट असतेच. तेव्हा एखाद्या साथरोगतज्ज्ञाची प्रोफाइल उघडलीच, तर एच-इंडेक्सच्या खाली उतरून पहिले दहा निबंध बघा: नाव यादीत पहिलं आहे, शेवटचं की मधलं, आणि नमुने कुठल्या गावातून आलेत.