सापुताऱ्यापलीकडेही तीच खूण

नाशिकहून वणीमार्गे निघालं की सापुताऱ्याला पाट्या गुजराती होतात आणि चहावाल्याचं बोलणंही बदलतं. मागच्या सीटवरच्या दोन कर्णबधिर मित्रांच्या गप्पांना मात्र ही हद्द लागत नाही. मिशीला पीळ दिला की पुरुष. चमकी असते तिथे, नाकपुडीपाशी, बोट टेकवलं की बाई. भाषातज्ज्ञ उलरिके झेशान यांनी दिल्ली आणि कराचीतली सांकेतिक भाषा ताडून पाहिली, तेव्हा शब्दांत थोडाफार फरक, पण व्याकरण एकच निघालं. फाळणीनं हातांना हात लावलेला नव्हता.

याचा अर्थ खुणा जगभर सारख्याच, असा कुणी काढू नये. जपानमध्ये वर केलेला अंगठा म्हणजे पुरुष, करंगळी म्हणजे बाई आणि ताठ मधलं बोट म्हणजे थोरला भाऊ. (आपल्याकडे रविवार कारंज्यावर ही खूण करून बघू नका.) कोरिया आणि तैवानमध्येही भावाची खूण हीच. या तिन्ही देशांच्या बोलींचा एकमेकींशी मेळ नाही, तरी खुणांचं घराणं एक, कारण दोन्हीकडे एकेकाळी जपानी राज्य होतं आणि कर्णबधिरांच्या शाळांमधून जपानी खुणा तिथे रुजल्या. तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं. तैनानच्या शाळेत ओसाकाचे शिक्षक आले, तैपेईत टोकियोचे. त्यामुळे एवढ्याशा बेटावर दोन ढंग तयार झाले.

सगळी मेख शाळेत आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात कुणालाच खुणा येत नसतात. त्या मिळतात शाळेत, वसतिगृहात, जेवणाच्या पंगतीत, मोठ्या मुलांकडून. म्हणून शाळा काढणारा कुठून आला, यावर भाषेचं कुळ ठरतं. अमेरिका आणि ब्रिटन दोघांची बोली इंग्रजी, पण अमेरिकेतल्या शाळेला १८१७ मध्ये लोराँ क्लेर्क हे फ्रेंच कर्णबधिर शिक्षक लाभले, आणि आज अमेरिकी व ब्रिटिश कर्णबधिरांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी काढतात, ती ब्रिटिशांची पद्धत. पाचही स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर मोजता येतात.

शाळेशिवायही भाषा जन्मते, पण त्यासाठी गाव लागतं. बाली बेटावरच्या बेंगकालात एका जनुकातल्या बिघाडामुळे पिढ्यान्‌पिढ्या कर्णबधिर मुलं जन्मत आली आहेत. तीनेक हजार वस्तीत चाळीसेक माणसांना ऐकू येत नाही, तरी खुणा निम्म्याहून अधिक गावाला येतात. या ‘काता कोलोक’ भाषेत कुणाबद्दल बोलायचं तर त्याच्या खऱ्या घराच्या दिशेनं बोट करतात. वेळ सांगायची तर त्या वेळी सूर्य आकाशात जिथे असतो तिथे. म्हणजे अशोक स्तंभावर उभं राहून पंचवटीतल्या मामांचा विषय काढायचा, तर आधी पंचवटी कुठल्या बाजूला हे पक्कं माहीत हवं! भारतीय सांकेतिक भाषेत असं बंधन नाही. समोरच्या मोकळ्या जागेत डावीकडे मामा ‘बसवले’ की पुढचं सगळं संभाषण त्याच जागेकडे बोट करून चालतं.

भारतातही सगळं एकसाची नाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरूच्या शब्दांत फरक आहेत, आपल्या मराठीत बागलाणची अहिराणी असावी तसे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. प्रमाण भाषा पाठ्यपुस्तकांना हवीच, पण कोशात नाही म्हणून स्थानिक खूण चुकीची ठरवायला माझा विरोध आहे.

२०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर भोंग्यांवरून हिंदी, मराठी, गुजराती, तेलुगू अशा आलटूनपालटून सूचना द्याव्या लागतील. तिथल्या पडद्यावर एक दुभाषी उभा केला, तर बंगालपासून तमिळनाडूपर्यंतच्या बहुतेक कर्णबधिर भाविकांचं त्या एकाच माणसावर भागेल.