गिटारच्या ट्यूब ॲम्प्लिफायरमधील उपद्रवी आवाज : शोध व दुरुस्ती

निर्वात नलिकांवर, म्हणजे बोलण्यातल्या ट्यूबवर किंवा व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरमधून तारेच्या नादाखेरीज जे जे ऐकू येते, त्या सगळ्याला दुरुस्तीच्या भाषेत ‘नॉइज’ म्हणतात. एका शब्दात कोंबलेल्या या आवाजांचे स्वभाव मात्र अगदी वेगळे असतात. घूं अशी गुणगुण, फसफस, तेलात मोहरी पडल्यासारखी तडतड, शिट्टी, लांबच्या होडीच्या इंजिनासारखी फुटफुट, पत्रा हलल्यासारखी खडखड. प्रत्येकाची कारणे निराळी, म्हणून उपायही निराळे. भाग बदलणे सोपे असते. आवाज नेमका कुठून आत शिरतो हे ठरवण्यातच खरी कारागिरी आहे. हा शोध न घेता एकेक भाग बदलत सुटल्याने जुने, चांगले ॲम्प बिघडतात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

थोडा आवाज मुळातच असणार, हेही आधी मान्य करावे लागते. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबक-वेटोळ्यातून येणारा संकेत साधारण दशांश व्होल्टच्या घरातला. १२एएक्स७ (युरोपीय नाव ईसीसी८३) या नेहमीच्या ट्यूबचा एक टप्पा तो साठेक पटींनी वाढवतो, आणि असे दोन, तीन, कधी चार टप्पे एकामागून एक असतात. त्यामुळे पहिल्या ट्यूबच्या दाराशी मिसळलेला कण पुढे डोंगर होतो, तर शेवटच्या टप्प्यात मिसळलेला फारसा जाणवतही नाही. त्यातला काही भाग तर पदार्थाच्या स्वभावातच आहे. ट्यूबमधून इलेक्ट्रॉन सुटे सुटे वाहतात म्हणून होणारा गोंगाट वॉल्टर शॉट्की याने १९१८ मध्ये मांडला. रोधकातील उष्णताजन्य गोंगाट जॉन्सन याने मोजला व नाइक्विस्ट याने त्याचे गणित दिले. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲम्पच्या तोंडाशी असलेला ६८ किलोओहमचा रोधक खोलीच्या तापमानाला, कानाच्या संपूर्ण पट्ट्यात, सुमारे ४.७ मायक्रोव्होल्ट गोंगाट स्वतःच निर्माण करतो. जास्त गेनच्या, म्हणजे संकेत खूप पटींनी वाढवणाऱ्या ॲम्पमधली संथ, सारखी फसफस बहुतेकदा हीच असते. ती दोष नसते आणि पूर्णपणे घालवताही येत नाही.

आधी जिवाची काळजी. ट्यूब ॲम्पमधील मुख्य विद्युतदाब साधारण ३०० ते ५०० व्होल्ट असतो. पुरवठ्याचे कपॅसिटर हा दाब प्लग काढल्यावरही धरून ठेवतात. ट्यूब तापत्या ठेवून हा दाब तेवढा तोडणारा स्टँडबायचा स्विच बंद ठेवून ॲम्प बंद केला असेल तर अधिकच. म्हणून झाकण उघडल्यावर पहिले काम कपॅसिटर रिकामे करण्याचे. काही किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रोधक इन्सुलेटेड चिमट्यांनी कपॅसिटरचे धन टोक आणि चेसिस (ॲम्पची धातूची चौकट) यांच्यात जोडायचा, काही सेकंद धरायचा आणि मग मल्टिमीटरने दाब खरोखर उतरला का ते पाहायचे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करण्याची सवय वाईट. कपॅसिटरलाही आणि हातालाही. थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, कारण रिकाम्या केलेल्या कपॅसिटरवर काही व्होल्ट परत चढतात. चालू ॲम्पमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. ज्याला हे करताना हात कापतो असे वाटते, त्याने झाकण उघडूच नये. पुढच्या बऱ्याच चाचण्या झाकण न उघडताही होतात. स्पीकर न जोडता ॲम्प वाजवू नये, हाही नियम लक्षात ठेवावा. भार नसताना ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब उसळू शकतो की त्याचे वेटोळे जळते.

दोष ॲम्पमध्येच आहे का? गिटार काढून ॲम्प नुसता चालू ठेवला आणि आवाज गेला, तर शोध गिटार, केबल आणि खोलीकडे वळतो. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप हा आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्राचा अँटेनाच असतो. गिटार हातात धरून जागच्या जागी वळले आणि गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती हवेतून येते आहे असे समजावे. ट्यूबलाइट, डिमर, मोबाइलचे चार्जर आणि ॲम्पचा स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर हे नेहमीचे संशयित. याच त्रासावर गिब्सन या गिटार कंपनीतील सेथ लव्हर याने दोन उलट वेटोळ्यांचा पिकअप काढला आणि त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला. ‘हंबकर’, म्हणजे ‘हम’ला (गुणगुणीला) विरोध करणारा, या नावातच त्याचे काम सांगितलेले आहे. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर वादकाचे शरीर आडोसा होत असते. ती नेहमीची गोष्ट आहे. हात लावल्यावर आवाज वाढला तर मात्र गिटारच्या ब्रिजखालची (तारा टेकतात त्या पट्टीखालची) अर्थची तार तुटली असण्याची शक्यता धरावी.

उलटही घडते. काही जोडलेले नसतानाच ॲम्प घुमतो आणि गिटार लावली की शांत होतो. इनपुट जॅकमध्ये एक पातळ स्विच असतो. केबल नसताना तो पहिल्या ट्यूबचा ग्रिड, म्हणजे संकेत जिथे आत शिरतो ते टोक, जमिनीला टेकवून ठेवतो. त्याच्या संपर्कावर मळ साचला की ग्रिड अधांतरी लोंबकळतो. ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाकून जॅक दहा वेळा आत-बाहेर केला की काम होते.

साखळी तोडून पाहणे. या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर आणावा. आवाज गेला तर उगम नॉबच्या अलीकडे, राहिला तर पलीकडे. मग ॲम्प बंद करून पहिली ट्यूब काढायची, चालू करून ऐकायचे, मग पुढची, असे फेज इन्व्हर्टरपर्यंत, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधी संकेताचे दोन उलट भाग करणाऱ्या ट्यूबपर्यंत, जायचे. ज्या ट्यूबपाशी आवाज थांबतो, तिच्या टप्प्यात किंवा त्याच्या अलीकडे दोष आहे. फेज इन्व्हर्टर काढूनही आवाज तसाच, म्हणजे पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या ट्यूब) किंवा पुरवठा. काही ॲम्पमध्ये ट्यूब तापवणारे फिलामेंट माळेसारखे जोडलेले असतात आणि एक ट्यूब काढली की दुसऱ्याही विझतात. तिथे ट्यूब जागेवर ठेवून तिच्या प्लेटपासून, म्हणजे वाढलेला संकेत निघतो त्या टोकापासून, जमिनीपर्यंत पुरेशा व्होल्टेजचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टेकवला तरी त्या टप्प्याचा आवाज तेवढ्यापुरता मुका होतो. हा शोध दहा मिनिटांचा असतो. तो न करता सोल्डरिंग गन हातात घेणे मला चुकीचे वाटते.

गुणगुण सुरावरून ओळखणे. गुणगुण सतत असते, त्यामुळे तिचा सूर कानाने लावता येतो, आणि गिटारवादकाजवळ मोजपट्टी आयतीच असते. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे दोन सूर ऐकू येऊ शकतात : ५० आणि १००. जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ हा स्वर सुमारे ९८ हर्ट्झचा असतो. गुणगुण त्याच्याजवळ लागली तर ती १०० हर्ट्झची, त्याहून सप्तकभर खाली असेल तर ५० हर्ट्झची. ६० हर्ट्झच्या देशांत हेच सूर ६० आणि १२० होतात. १२० हा ए तारेच्या पहिल्या व दुसऱ्या पडद्यांच्या मधोमध पडतो.

हा फरक इतका मोलाचा का? प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारा पूर्णतरंग रेक्टिफायर पुरवठ्याची वारंवारता दुप्पट करतो. म्हणून १०० हर्ट्झची धारदार, किंचित करकरीत गुणगुण रेक्टिफायरच्या पुढून, म्हणजे बहुधा पुरवठ्यातली लहर सपाट करणाऱ्या, पण आता थकलेल्या फिल्टर कपॅसिटरमधून आलेली असते. ५० हर्ट्झची गोल, मऊ गुणगुण मेन्सच्या बाजूची : फिलामेंटच्या तारा, अर्थचा फेरा (दोन वाटांनी अर्थ जोडल्याने होणारे बंद वर्तुळ), ट्रान्सफॉर्मरच्या जवळून गेलेली एखादी सिग्नलची तार. अपवाद आहेत. पॉवर ट्यूबच्या बायसचा (तिचा प्रवाह ठरवणाऱ्या ग्रिडवरील स्थिर दाबाचा) पुरवठा पुष्कळदा अर्धतरंग असतो, त्यामुळे तिथला कपॅसिटर गेला तर गुणगुण ५० हर्ट्झचीच येते. अर्थच्या फेऱ्यातली गुणगुणही कधी वरच्या स्वरांनी इतकी भरलेली असते की कान फसतो.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वापराने आणि नुसत्या काळानेही वाळतो. पंधरा-वीस वर्षे झालेल्या ॲम्पमध्ये तो पहिला संशयित. टोपी फुगणे, तळाशी चिकट द्रव दिसणे या उघड खुणा, पण वरून ठीक दिसणाराही आतून संपलेला असू शकतो. तपासण्याचा एक मार्ग असा : ॲम्प बंद आणि रिकामा असताना तेवढ्याच मूल्याचा व पुरेशा व्होल्टेजचा चांगला कपॅसिटर जुन्याला समांतर चिमट्यांनी लावावा, ध्रुव नीट जुळवावेत, मग चालू करून ऐकावे. गुणगुण घटली तर निदान झाले. समांतर लावलेला नवा तसाच सोल्डर करून मोकळे होऊ नये; जुना काढावाच, कारण तो उद्या शॉर्ट झाला तर रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जाईल.

पुश-पुल, म्हणजे पॉवर ट्यूब जोडीने आळीपाळीने काम करणाऱ्या ॲम्पमध्ये पुरवठ्यातली लहर दोन्ही बाजूंनी सारखी येऊन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते. दोन पॉवर ट्यूबचे प्रवाह जुळत नसतील तर हा तोल बिघडतो आणि चांगले कपॅसिटर असूनही ॲम्प घुमतो. म्हणून कपॅसिटर मागवण्याआधी दोन्ही ट्यूबचा बायस मोजावा.

वाळलेल्या कपॅसिटरचे आणखी एक लक्षण फार चमत्कारिक आहे. ॲम्प शांत असताना काही ऐकू येत नाही. जोरात वाजवताना मात्र मूळ स्वराखाली एक बेसूर सावली सरकते. त्याला ‘घोस्ट नोट’ म्हणतात. जोर लागला की पुरवठ्यातली लहर वाढते आणि ती वाजणाऱ्या स्वरात मिसळते. पातळ ई तारेचा बारावा पडदा ६५९ हर्ट्झचा. त्यात १०० ची लहर मिसळली की ५५९ आणि ७५९ हे दोन उपरे स्वर जन्मतात. ते कुठल्याच रागात किंवा स्केलमध्ये बसत नाहीत. वादक तार चुकली, इंटोनेशन गेले म्हणून गिटार दुरुस्तीला नेतो आणि दोष ॲम्पमध्ये पडून राहतो. मला हा दोष सगळ्यांत अन्याय्य वाटतो, कारण तो वादकाला स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवायला लावतो.

फिलामेंटची गुणगुण. ट्यूब तापवणारा ६.३ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक ट्यूबच्या पोटातून जातो. दोन तारांना घट्ट पीळ देऊन त्या चेसिसच्या कडेने, ग्रिडच्या तारांपासून दूर नेलेल्या असाव्यात. या वेटोळ्याचा मध्य जमिनीला जोडलेला असावा लागतो. मध्यटोक नसेल तर दोन्ही तारांपासून १०० ओहमचा एकेक रोधक जमिनीला देऊन कृत्रिम मध्य करतात. जळलेल्या पॉवर ट्यूबने हे छोटे रोधक उडवलेले असतात आणि मग ट्यूब बदलूनही ॲम्प घुमत राहतो. ही जागा जरूर तपासावी. फिलामेंट आणि कॅथोड (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यातली गळती हा ट्यूबचा स्वतःचा दोष. त्यावर ट्यूब बदलणे एवढाच उपाय.

अर्थ. गुणगुण घालवण्यासाठी मेन्सची अर्थची पिन तोडणे किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो आणि तो जीवघेणा आहे. १९७२ मध्ये स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर अर्थिंग सदोष असलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. गिटारच्या तारा ॲम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात; वादकाचा हात म्हणजे चेसिसच. दोन ॲम्प किंवा ॲम्प आणि मिक्सर यांच्यात अर्थचा फेरा होत असेल तर सगळे एकाच सॉकेटच्या पट्टीवर घ्यावे, नाहीतर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तीन पिनांच्या प्लगआधीच्या काही अमेरिकी ॲम्पमध्ये मेन्सपासून चेसिसला एक छोटा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर चेसिसवर मेन्स येते. तो काढून तीन तारांची केबल बसवावी, जुनेपण जपण्याचा कितीही मोह झाला तरी.

तडतड आणि फसफस. अनियमित तडतड दोन ठिकाणांहून येते : सैल जोड आणि म्हातारे रोधक. ॲम्प चालू ठेवून वाळलेल्या लाकडी काडीने तारा, सोल्डरचे जोड, ट्यूबचे सॉकेट हळूच टोचत जावे. कच्चा सोल्डर लगेच बोलतो. सॉकेटच्या पिना सैल असतील तर ॲम्प बंद व रिकामा करून त्या बारीक टोचणीने आवळाव्यात. काडीला काही सापडले नाही तर प्लेटचे रोधक पाहावेत, बहुधा १०० किलोओहमचे. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रोधकातला जादा गोंगाट त्याच्यावरच्या स्थिर दाबाबरोबर वाढतो, आणि प्लेटच्या रोधकावर शंभराहून अधिक व्होल्ट असतात. तिथे मेटल फिल्म रोधक घातला की फरक पडतो. ग्रिडवरच्या रोधकावर असा दाबच नसतो, म्हणून सगळे रोधक सरसकट बदलण्यात पैसाही वाया आणि ॲम्पचे मूळ अंगही वाया. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर पॉट (नॉबमागचा बदलता रोधक) साफ करावा. साफ करूनही दोन दिवसांत ती परतली, तर आधीचा, दोन टप्पे जोडणारा कपलिंग कपॅसिटर स्थिर दाब गळू देतो आहे का हे मीटरने पाहावे. तीच गळती पॉवर ट्यूबच्या ग्रिडवर झाली तर प्लेट लाल होते. लगेच बंद करावे.

घणघण, शिट्टी, फुटफुट. ट्यूबला पेन्सिलने टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घणघणाट आला तर ती मायक्रोफोनिक झाली आहे. ती पुढच्या जागी टाकून पहिल्या जागी शांत ट्यूब लावली तरी बहुधा भागते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर ॲम्प चालू करताच किंचाळला, तर प्लेटच्या दोन तारा उलट लागल्या आहेत आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणे) उलटा पडला आहे. तारांची अदलाबदल करावी. फुटफुट झाल्यास टप्प्यांचे पुरवठे एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या डिकपलिंग कपॅसिटरकडे जावे. सगळ्यात फसवे म्हणजे कानाच्या पल्ल्याबाहेरचे आंदोलन. ऐकू काहीच येत नाही, पण ट्यूब अवाजवी तापतात आणि स्वर विरताना त्यावर एक खरबरीत साय येते. ते ऑसिलोस्कोपवर दिसते, आणि ग्रिडची तार थोडी बाजूला सारल्याने बरेचदा नाहीसे होते.

खडखड विजेची नसतेच असे समजून सुरुवात करावी. दुसरा स्पीकर जोडून पाहावा. थांबली तर मूळ स्पीकरचे स्क्रू, फाटलेला कोन किंवा घासणारी कॉइल.

दुरुस्तीनंतर ॲम्प झाकणाच्या आत, स्वतःच्या उष्णतेत, तासभर वाजवून पाहावा. थंड असताना गप्प राहणारा रोधक आणि तापल्यावर फाकणारा जोड टेबलावरच्या पाच मिनिटांत सापडत नाहीत.