कलरला एक पान कमी: कॉल की पॅक?

टेक्सस होल्डमचा डाव (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर पाच सामाईक). तुमच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची सत्ती. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, उघडतात बदामचा गुलाम, बदामची दुर्री आणि इस्पिकची नव्वी. कलरला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, एक बदाम कमी आहे. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगात, ६० चिंचोके आहेत (सराव चिंचोक्यांवरच करावा, हिशेब तोच राहतो) आणि समोरचा ३० लावतो. आता काय करायचं: कॉल, म्हणजे तितकेच घालून खेळत राहायचं, की पॅक, म्हणजे पानं टाकायची?

आधी किंमत काढा. तुम्ही ३० घातलेत तर पॉट १२० चा होतो. ३० भागिले १२०, म्हणजे २५ टक्के. जिंकण्याची शक्यता याहून जास्त असेल तरच कॉल परवडतो.

मग उपयोगी पानं मोजा. तेरा बदामांपैकी चार दिसले, नऊ उरले. न दिसलेली पानं ४७. पुढचंच पान बदाम निघण्याची शक्यता ९/४७, म्हणजे १९ टक्के. टर्न आणि रिव्हर (टेबलावरचं चौथं आणि पाचवं पान) मिळून ती ३५ टक्के होते. तोंडी हिशेबासाठी उपयोगी पानांची संख्या, एकच पान यायचं असेल तर दोनाने गुणा, दोन यायची असतील तर चाराने: १८ आणि ३६. पंधरा उपयोगी पानं असली की मात्र चाराचा गुणाकार ६० दाखवतो आणि खरा आकडा ५४ असतो.

सर्वांत महाग चूक इथेच होते. समोरचा ऑल-इन असेल, म्हणजे त्याने उरलेले सगळे चिंचोके लावले असतील, तर ३० चिंचोक्यांत तुम्हाला दोन्ही पानं बघायला मिळतात. ३५ टक्के धरले, तर सरासरी १२ चिंचोके फायदा. पण त्याच्याकडे अजून चिंचोके असतील, तर टर्ननंतर तो पुन्हा लावणार. म्हणजे या ३० मध्ये एकच पान विकत मिळतं, आणि १९ टक्क्यांनी सरासरी ७ चिंचोके तोटा. पानं तीच, किंमत तीच, निर्णय उलटा. कलर लागल्यावर समोरचा आणखी बरंच देईल अशी खात्री असेल तरच हा तोटा भरून निघतो, आणि तीन बदाम उघडे दिसत असताना सावध खेळाडू सहसा देत नाही.

दुसरी अडचण नव्वीची. समोरच्याच्या हातात दोन गुलाम असतील तर बदामची नव्वी आल्यावर तुमचा कलर होतो, पण टेबलावर नव्वीची जोडी जमून त्याचा फुल हाउस (तीन गुलाम आणि दोन नव्व्या) होतो, आणि तो कलरला हरवतो. कलर टर्नवर लागला तरी रिव्हरला जोडी जमू शकते. म्हणून अशा हातासमोर ३५ टक्के घसरून सुमारे २५ वर येतात. ऑल-इनचा कॉलही मग जेमतेम बरोबरीत सुटतो.

सरावासाठी ही पाच पानं बाजूला काढा, उरलेली ४७ नीट पिसा, वरची दोन उघडा. असं शंभर वेळा करून निदान एक बदाम कितीदा आला ते लिहा. बहुतेकदा आकडा २५ ते ४५ च्या मध्ये येईल. शंभर डावांतही इतका फरक पडतो, त्यामुळे एका संध्याकाळच्या हारजितीवरून कॉल बरोबर होता की चूक हे ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्येक कॉलच्या आधी काढलेली किंमत आणि मोजलेली पानं लिहून ठेवा, आणि नंतर तीच तपासा.