गृहीतक आणि परिकल्पना: आराखड्यात शेजारी बसणारे, पण कामाने वेगळे

एम.एड.चा लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा आराखडा, 'संशोधनाची गृहीतके' आणि 'संशोधनाची परिकल्पना' हे मथळे एकापाठोपाठ येतात. त्यांखालची वाक्ये मात्र बऱ्याचदा इकडची तिकडे केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही अशी असतात. यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. असम्प्शनला, म्हणजे न तपासता मान्य करून चाललेल्या विधानाला, मराठीत 'गृहीतक' म्हणतात. हायपोथेसिसला, म्हणजे तपासून पाहायच्या विधानाला, 'परिकल्पना', 'गृहीतकृत्य', 'अभ्युपगम' असे अनेक शब्द आहेत, आणि काही पुस्तकांत तर हायपोथेसिसलाच 'गृहीतक' म्हटलेले आढळते. त्यामुळे आपल्या विद्यापीठाच्या नमुना आराखड्यात जो शब्द आहे तोच धरावा आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत बदलू नये. इथे हायपोथेसिससाठी 'परिकल्पना' वापरले आहे.

शाळेतली भूमिती आठवा: पक्ष, साध्य, सिद्धता. पक्षात जे दिले आहे ते कुणी सिद्ध करत बसत नाही. त्यावर पाय रोवून साध्याकडे जायचे. गृहीतक पक्षाच्या जागी आहे, परिकल्पना साध्याच्या. फरक एवढाच की पुस्तकातले साध्य खरे असतेच. परिकल्पना खोटी ठरू शकते, आणि खोटी ठरण्याची वाट तिला मोकळी असलीच पाहिजे.

एक नेहमीचा विषय घेऊ: आठवीच्या विद्यार्थ्यांना समास शिकवताना कृतियुक्त अध्यापनाची, म्हणजे मुलांकडून कृती करवून घेत शिकवण्याची, परिणामकारकता. प्रायोगिक गटात (नव्या पद्धतीने शिकणाऱ्या) ३० विद्यार्थी, नियंत्रित गटात (नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या) ३०, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी. 'विद्यार्थ्यांना साध्या जोडशब्दांची फोड करता येते' हे इथे गृहीतक आहे. 'दोन्ही गटांच्या उत्तरचाचणीतील मध्यमानांत सार्थक फरक नाही' ही शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक नाही' असे म्हणणारी आणि पुराव्याने खोडता येते का हे पाहायची परिकल्पना. (मध्यमान म्हणजे सरासरी; सार्थक फरक म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा येणार नाही एवढा.)

कोणते वाक्य कुठे जाईल हे ठरवायला स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या माहितीतले आकडे उलटे आले, तर हे वाक्य पडेल का? पडत असेल तर ती परिकल्पना. आणि हे वाक्यच खोटे असेल, तर माझे आकडे निरुपयोगी होतील का? होत असतील तर ते गृहीतक. मुलांना शब्दांची फोडच येत नसेल, तर दोन्ही गटांचे गुण तळाशी गोळा होतील आणि पद्धतीचा परिणाम दिसणारच नाही. दोन्ही प्रश्नांना 'नाही' असे उत्तर आले तर ते वाक्य आराखड्यात नकोच. 'शिक्षण हा विकासाचा पाया आहे' यासारखी वाक्ये इथेच गळतात.

नेहमीची चूक म्हणजे जे तपासायचे तेच गृहीत धरणे. 'कृतियुक्त अध्यापनाने संपादणूक वाढते' हे गृहीतकांत लिहिले की पुढच्या साऱ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. उलट बाजूची चूकही दिसते. 'विद्यार्थी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरतील' असे परिकल्पनेत लिहितात, पण प्रामाणिकपणा त्याच प्रश्नावलीने कसा मोजणार? ते गृहीतकच, आणि नावे न घेणे, शिक्षक वर्गात नसताना प्रश्नावली भरून घेणे अशी तजवीज करून ते सांभाळावे लागते.

याहून फसवी चूक तिसरी: 'दोन्ही गट समान आहेत असे गृहीत धरले आहे.' हे गृहीत धरायचे काहीच कारण नाही, पूर्वचाचणी हातात आहे. दोन्ही गटांच्या पूर्वचाचणीची मध्यमाने आणि प्रमाण विचलने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याची मापे) आधी कोष्टकात मांडा. सुरुवातीलाच एक गट ५ गुणांनी पुढे असेल तर उत्तरचाचणीतला फरक पद्धतीच्या खात्यावर मांडता येत नाही. जे हातातल्या साधनाने तपासता येते ते तपासावे. जे तपासता येत नाही पण ज्यावाचून अडते, तेवढेच गृहीत धरावे. अशा प्रत्येक गृहीतकाखाली एक-दोन वाक्यांचा आधार हवा: मागच्या इयत्तेचा अभ्यासक्रम किंवा आधीचे संशोधन. दोन गटांच्या मध्यमानांतला फरक तपासणाऱ्या टी-चाचणीची स्वतःची गृहीतकेही विसरू नयेत: गुणांचे वितरण साधारण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे), दोन्ही गटांतील विचरण (गुणांचा पसारा) जवळपास सारखे, एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्यावर अवलंबून नाहीत.

परिकल्पनेत चूक होते ती वेळेची. वरच्या उदाहरणात स्वाधीनता मात्रा (टी-कोष्टकात कोणती ओळ पाहायची ते सांगणारी संख्या) ३० + ३० − २ = ५८. ०.०५ सार्थकता स्तरावर (शून्य परिकल्पना खरी असूनही ती नाकारली जाण्याचा धोका ५ टक्के) द्विपुच्छ चाचणीचे, म्हणजे कोणत्याही दिशेचा फरक पाहणाऱ्या चाचणीचे, कोष्टकमूल्य २.००; एकाच दिशेचा फरक पाहणाऱ्या एकपुच्छ चाचणीचे १.६७. टी-मूल्य त्याहून मोठे आले तरच शून्य परिकल्पना नाकारायची, म्हणजे तिचा त्याग करायचा. समजा टी-मूल्य १.८० आले. 'फरक नाही' ही शून्य परिकल्पना द्विपुच्छ चाचणीने तपासणार असे ठरले असेल, तर तिचा त्याग करता येत नाही. इथे मोह होतो. मागे जाऊन 'प्रायोगिक गटाचे मध्यमान जास्त असेल' अशी दिशायुक्त परिकल्पना लिहिली की तेच १.८० सार्थक दिसू लागते. उत्तर पाहून प्रश्न बदलण्याचा हा प्रकार आहे आणि संशोधनात तो अप्रामाणिकपणाच. दिशा, चाचणी आणि सार्थकता स्तर माहिती गोळा करण्याआधी, मंजूर आराखड्यात लिहिलेले असावेत. तसेच त्याग करता आला नाही म्हणून 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली' असे लिहू नये. पुरावा अपुरा पडला, एवढेच म्हणता येते.

शून्य परिकल्पना हा शब्दप्रयोग रूढ केला तो संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी, १९३५ साली. त्यांचे चहाचे उदाहरण गृहीतक आणि परिकल्पना या दोन्ही गोष्टी स्वच्छ दाखवते. कपात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखते, असा एका बाईंचा दावा. ८ कप, त्यांतले ४ दूध आधी घातलेले; ते ४ निवडायचे. शून्य परिकल्पना: त्यांना ओळखता येत नाही. चार कप ७० प्रकारे निवडता येतात, म्हणून निव्वळ नशिबाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त १, सुमारे १.४ टक्के. किमान तीन बरोबर येण्याची मात्र ७० त १७, म्हणजे सुमारे २४ टक्के. तेवढ्यावर दावा मान्य होत नाही. हा सारा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: कपांचा क्रम यादृच्छिक आहे आणि रंग, उष्णता यांतून सुगावा लागत नाही. ते ढळले तर १.४ टक्क्यांना काहीच किंमत नाही.

इतिहास, वर्णनात्मक सर्वेक्षण किंवा मुलाखतींवरचा अभ्यास असेल तर ओढूनताणून परिकल्पना लिहू नये. नेमका संशोधन प्रश्न पुरतो. साहित्यात लिहायचीच असेल तर मोजता येईल अशी लिहावी: 'निवडलेल्या वीस ग्रामीण कादंबऱ्यांच्या संवादांत प्रमाण मराठीचा वाटा दशकागणिक घटतो.' गृहीतके मात्र अशा अभ्यासांतही असतातच. निवडलेल्या वीस कादंबऱ्या त्या-त्या दशकाचे प्रतिनिधित्व करतात, हे त्यांतले सगळ्यात जड.

निष्कर्षांच्या प्रकरणात परिकल्पनांचा निकाल एकेक करून सगळेच देतात. गृहीतकांकडे क्वचितच कुणी परत जाते. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला नाही तर पद्धत कुचकामी ठरवण्याआधी गृहीतकांची यादी पुन्हा उघडावी. समासाच्या उदाहरणात पूर्वचाचणीचे फोडीचे प्रश्न वेगळे काढून पाहावेत: ते अर्ध्याअधिक मुलांनी कोरे सोडले असतील, तर चर्चेच्या पहिल्या परिच्छेदात हेच लिहावे लागेल.