महागडी लायब्ररी नसली तरी बॅगपाइप खरा वाटू शकतो

‘महागडी साउंड लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या आवाजांचा संच) घेतल्याशिवाय घरच्या संगणकावर स्कॉटिश बॅगपाइप खरा वाटूच शकत नाही’ हा समज कित्येक वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण पहिला प्रयत्न हमखास पिपाणीसारखा वाजतो. पण दोष बहुतेकदा आवाजात नसतो, सूर लिहिण्यात असतो.

हायलँड बॅगपाइपचा, म्हणजे याच स्कॉटिश बॅगपाइपचा सूर पिशवीतल्या हवेमुळे मध्ये थांबत नाही, लहानमोठाही करता येत नाही. मग एकच स्वर दोनदा कसा वाजवायचा? वादक मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण टाकतो. आपण कीबोर्डच्या सवयीने तिथे फट सोडतो आणि कानाला लगेच कळतं.

स्वरही नऊच: मंद्र कोमल नी ते तार सा, सगळे खमाज थाटातले.

स्वतः पडताळून पाहा. सॉफ्टवेअरसोबत आलेलाच बॅगपाइप घ्या. सगळ्या स्वरांची व्हेलॉसिटी (स्वर किती जोरात वाजतो तो आकडा) सारखी करा, फटी बुजवा, लागोपाठच्या सारख्या स्वरांमध्ये वरच्या कोमल नीचा ३० ते ४० मिलिसेकंदांचा कण घाला. खाली एक आणि दोन सप्तकं उतरून ‘सा’चा ड्रोन (तंबोऱ्यासारखा आधारसूर) अखंड ठेवा. आता आधीची आणि ही आवृत्ती लागोपाठ ऐका, रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) न लावता.

लो व्हिसल या बासरीसारख्या वाद्याचं वेगळं आहे. तिथे फुंकरीचा आवाज लागतो, म्हणून चांगल्या सॅम्पलने (खऱ्या वाद्याच्या रेकॉर्डिंगने) खरोखर फरक पडतो.