घोटा व पाऊल : दुखापतीची तातडीची तपासणी

पाय मुरगळून आलेल्या रुग्णाचे हाड मोडले आहे की नुसते अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) ताणले गेले आहेत, हे ठरवण्याची पद्धत. गोव्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, चिखलातला फुटबॉल आणि २४ जूनला सांजांव या ख्रिस्ती सणाला विहिरींत मारलेल्या उड्या यांमुळे पावसाळ्यात तिची गरज वारंवार पडते. गावच्या आरोग्य केंद्रातून रुग्णाला म्हापसा, मडगाव किंवा बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचे का, हेही तिच्यावरच ठरते.

अशा रुग्णांपैकी हाड मोडलेले १५ टक्क्यांहूनही कमी असतात. तरी पूर्वी बहुतेकांचा एक्स-रे निघे. कॅनडातील ओटावा येथे इयान स्टील व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या नियमांनी हे बदलले. घोट्याभोवती वेदना असून आतल्या वा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड (खालचे ६ सेंटिमीटर) किंवा टोक दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचा एक्स-रे काढतात. पावलाच्या मध्यभागी वेदना असल्यास करंगळीमागच्या पाचव्या प्रपदास्थीचे (पावलातल्या लांब हाडाचे) मूळ आणि आतल्या बाजूची नौकाकार अस्थी दाबून पाहतात. चार पावलांची अट तिथेही लागू. लंगडत टाकलेले पाऊलही धरले जाते. बोट नेमके कुठे ठेवले, यावर सारे अवलंबून आहे: सूज बहुधा बाहेरच्या घोट्याच्या पुढे, अस्थिबंधावर असते, म्हणून तिथे दुखण्यावरून हाडाचा निष्कर्ष काढू नये.

मद्यधुंद रुग्ण, मधुमेहाने बधिर झालेली पावले किंवा दुसरीकडे मोठी इजा असल्यास या नियमांवर विसंबू नये. नियमांबाहेरचेही तपासावे लागते. गुडघ्याखाली बाहेरचे हाड दाबून पाहावे. तळव्यावर काळेनिळे पडले असेल तर पावलाच्या मधल्या सांध्यांच्या इजेचा संशय घ्यावा. पोटरी दाबल्यावर पाऊल खाली हलत नसेल तर टाचेमागचा स्नायुबंध (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा) तुटलेला असू शकतो. माडावरून पडलेल्या पाडेल्याची (नारळ पाडणाऱ्याची) टाच मोडली असेल तर कणाही तपासावा; हे विसरणे घातक ठरते.

सांधा निखळून कातडी ताणली गेली असेल वा पाऊल थंड पडले असेल, तर एक्स-रेची वाट न पाहता तो जागेवर बसवतात. हाड शाबूत असले तरी चोळणे टाळावे. अस्थिबंध किती फाटला, हे सूज उतरल्यावर, चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासले की अधिक नीट कळते.