हल्ल्याच्या रात्री सरकार कुठे बोलतं?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. दहशतवादी पळवलेल्या स्कोडातून येताहेत, ही खबर पोलिसांच्या वायरलेसवर फिरली होती. हातात फक्त काठी. ओंबळेंनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत सापडला. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

म्हणजे पोलिसांना पोलिसांचा निरोप मिळत होता. मुंबईत कोंडलेल्यांना आणि इकडे साताऱ्यात टीव्हीसमोर जागणाऱ्यांना सरकारकडून थेट कळायची सोय नव्हती. चॅनेलं जे दाखवतील ते बघायचं. तेच पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही बघत होते आणि फोनवरून ताज-ओबेरॉयमधल्या आपल्या माणसांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कसाबच्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. नियम यायला २०१५ उजाडलं: कारवाई चालू असताना थेट चित्रण नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच.

ट्विटर त्या रात्रीही होतं. लोक रक्तदानाचे निरोप आणि दवाखान्यांचे नंबर टाकत होते. गंमत अशी, की तिथे सरकारचा पत्ता नव्हता, पण सरकारच्या नावाने एक ‘आदेश’ फिरला: कारवाईबद्दल ट्विट करणं ताबडतोब थांबवा. बीबीसीच्या संकेतस्थळावरही तो झळकला. त्याला दुजोरा कधी मिळाला नाही. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो.

२०१२च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडची पोरं अफवांना घाबरून पुणे-बंगळूरू सोडून गावी निघाली, तेव्हाही सरकारला सुचलं ते तोंड बंद करणंच. दिवसाला पाचच एसएमएस, असा पंधरा दिवसांसाठीचा आदेश.

बाहेर तोवर वारं बदललं होतं. एप्रिल २०१३मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर वृत्तवाहिन्यांनी संशयिताला अटक झाल्याचं सांगून टाकलं. पोलिसांनी ट्विटरवरून खोडून काढलं, अटक झालेली नाही. त्याच वर्षी नैरोबीत वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला, ६७ जण गेले. तिथे सरकारी हँडल्स ‘सगळं ताब्यात आहे’ म्हणत राहिली आणि आतून गोळीबार चालूच. वर हल्ला करणारी अल-शबाब ही संघटनाही आपल्या खात्यावरून बोलत होती. ब्रुसेल्समध्ये २०१५ला पोलिसांनी कारवाईबद्दल काही टाकू नका म्हटल्यावर लोकांनी मांजरांचे फोटो टाकले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मांजरांसाठी खाऊने भरलेली वाटी ट्विट केली.

आपल्याकडे मुंबई पोलिस ट्विटरवर आले ते डिसेंबर २०१५मध्ये. खोट्या बातम्या खोडायला पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, फॅक्ट चेक विभाग सुरू केला २०१९मध्ये.

मग २२ एप्रिल २०२५, पहलगाम. २६ जण मारले गेले, त्यांतले सहा महाराष्ट्रातले. चारच दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना तो २०१५चा नियम आठवून दिला. ७ मेला ऑपरेशन सिंदूर सुरू झाल्यावर व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरू लागली. पीआयबी एकेक खोडत होतं.

त्यात एक मेसेज होता, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार. पीआयबीने तो खोटा असल्याचं सांगितलं, पण एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर. आमच्या काकू एक्सवर नाहीत. त्या ‘सोसायटी परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, तिथे मेसेज सकाळपासून चारदा येऊन गेला होता. मी पोस्ट दाखवेपर्यंत त्या साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर एटीएमच्या रांगेत उभ्या होत्या, पिशवी काखेला, पुढे वीसेक माणसं. तिथूनच त्यांनी रांगेचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘खरंच आहे गं, लवकर या.’